पिकाचे छायाचित्र कसे घ्यावे?

गतवर्षी भाद्रपदाच्या आरंभी आमच्या माकुणसार येथील भातखाचरात पानांची टोके वाळू लागली. भात पोटरीवर आले होते व युरियाचा शेवटचा हप्ता द्यावयाचा राहिला होता. हा करपा की कडाकरपा, हे काही मला ठरविता येईना. करपा बुरशीपासून होतो व कडाकरपा जिवाणूंपासून. सबब एकावरील औषध दुसऱ्यास लागू पडत नाही. शिवाय कडाकरपा असता वर युरिया टाकणे म्हणजे रोगास खुराक देणेच होय. तेव्हा मी मोबाइलवर पाच छायाचित्रे काढून परिचयातील एका कृषितज्ञांकडे पाठविली. सायंकाळी त्यांचे उत्तर आले: "चित्रे पाहिली. यावरून काही सांगता येत नाही. पुन्हा पाठवावी." मी पुन्हा पाठविली. पुन्हा तेच उत्तर. ह्या घोळात चार दिवस गेले, आणि तेवढ्या अवधीत दोन खाचरांतील रोग पाच खाचरांत पसरला.

मोबाइल नवा होता. घेतेवेळी दुकानदाराने ५० मेगापिक्सेल हा आकडा तीन वेळा उच्चारला होता. त्यामुळे दोष यंत्राचा नसून माझा असावा, अशी शंका मला प्रथमच आली. भाच्याकडे संगणकाचा मोठा पडदा आहे. त्यावर ती पाचही चित्रे त्याने मोठी करून दाखविली, तेव्हा लाज वाटली. पहिल्या चित्रात पश्चिमेचे आभाळ लखलखीत व भाताचे पान कोळशासारखे काळे. दुसऱ्यात पान धूसर व त्यामागील बांधावरील गवत मात्र काडी काडी मोजता येईल इतके स्पष्ट. तिसऱ्यात वाऱ्याने पान हलल्यामुळे एकाची तीन पाने झालेली. चौथे मी दिवेलागणीस ओटीवरील दिव्याखाली पान आणून घेतले होते. त्यात सर्वच पिवळे, मग रोगाचा पिवळेपणा कोणता व दिव्याचा कोणता हे कोणी ओळखावे? पाचव्यात नुसते हिरवे रान. "मामा, कॅमेऱ्याने त्याला वाटले ते केले. तुम्हांला काय हवे ते तुम्ही त्याला सांगितलेच नाही," असे भाचा म्हणाला. ते सांगावयाचे कसे, हे मी पुढील दोन महिन्यांत थोडेबहुत शिकलो. तेच येथे लिहीत आहे.

हा विषय हौसेचा आहे असे समजून कोणी पान उलटू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तोपर्यंत गाव नमुना बारामधील पिकांची नोंद तलाठी करीत असत. त्या नोंदींच्या नकला करण्यात प्रस्तुत लेखकाचे अर्धे आयुष्य गेले आहे, म्हणून त्यांतील गुणदोष मी जाणतो. हल्ली खातेदाराने स्वतः आपल्या गटात उभे राहून पीक व क्षेत्र नोंदवावे व तेथल्या तेथे मोबाइलने छायाचित्र घ्यावे, अशी रीत आहे. म्हणजे सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदीमागे आता छायाचित्राचा पुरावा उभा असतो. वादळवाऱ्याच्या नुकसानीतही तसेच. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगतून गुजरातेकडे गेले, तेव्हा वाड्यांतील केळी, आंबे, चिकू, माड यांची काय दशा झाली हे वाचकांस सांगावयास नको. त्या वेळी मी नोकरीत होतो. अर्जांसोबत आलेली छायाचित्रे मी पाहिली आहेत. कित्येकांत वरचा अर्धा भाग पांढरे आभाळ, खालचा अर्धा भाग काळा, व त्या काळ्यात केळी पडली आहे की उभी आहे याचा पत्ता नाही. अर्जदाराचे नुकसान खरे होते. त्याच्या कागदाने मात्र त्याची साक्ष दिली नाही.

प्रथम मोबाइलचा कॅमेरा आपल्या मनाने काय करितो ते पाहू. समोर जे असेल त्याची सरासरी काढून ती मध्यम करड्या उजेडावर आणणे, हा त्याचा धर्म. समोर मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली ठेवा. सगळे पांढरे पाहून 'उजेड फार झाला' असे तो समजतो व कळ्या मळकट करून दाखवितो. समोर काळी घोंगडी ठेवा. ती तो राखी करितो. आभाळ व शेत एकाच चौकटीत आले म्हणजे आभाळाच्या लखलखाटास भिऊन तो एकंदर उजेड कमी करितो आणि पीक अंधारात जाते. माझे पहिले चित्र असेच बिघडले.

येवढ्यावरच तो थांबता तरी बरे होते. हल्लीच्या बहुतेक मोबाइलांत चित्र सुंदर दिसावे म्हणून पुष्कळ कारागिरी आतल्या आत चालते. पाने दिसली की हिरवा रंग गडद करावा, डाग दिसले की गुळगुळीत करावे, अशी त्याची शिकवण असते. लग्नातील मंडळींस ती आवडते. परंतु ज्याला पिकाचा रोग दाखवावयाचा आहे त्याच्या दृष्टीने हा कॅमेरा खोटी साक्ष देणारा साक्षीदार होय. आजारी पिकास तो निरोगी करून दाखवितो. म्हणून पहिले काम हे की, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दृश्य सुधारणारी एआयची सोय, सौंदर्य वाढविणारी सोय व रंगांचे फिल्टर ही सर्व बंद करावी.

यानंतर कॅमेऱ्यातील 'प्रो' हा भाग उघडावा. काही मोबाइलांत तो 'मॅन्युअल' किंवा 'एक्स्पर्ट' या नावाने 'मोअर'खाली दडलेला असतो. काही स्वस्त मोबाइलांत तो अपुरा असतो, म्हणजे त्यात पडद्याचा वेग ठरविता येत नाही. अशांनी ओपन कॅमेरा नावाचे विनामूल्य ॲप घेऊन पाहावे. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात हा भाग पूर्णपणे दिलेला नाही, तथापि बोट दाबून धरल्यास फोकस व उजेड यांस कुलूप लागते आणि बोट वरखाली सरकविल्यास उजेड कमीजास्त होतो. तेवढ्यावरही पुष्कळ भागते.

प्रो उघडल्यावर जे आकडे दिसतात त्यांस भिण्याचे कारण नाही. मोबाइलच्या भिंगाचे छिद्र बहुधा ठरलेले असते, ते लहानमोठे होत नाही. तेव्हा आत उजेड किती घ्यावयाचा हे दोनच गोष्टींवर राहते. एक शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यावयाचा ते. आपल्या खारबंधाऱ्याची उघाडी जितका वेळ उघडी तितके पाणी जाणार, तसेच हे. त्याचे आकडे सेकंदाच्या भागांत असतात: १/३० म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, १/१००० म्हणजे हजारावा. दुसरी गोष्ट आयएसओ. हिने उजेड वाढत नाही. आलेला उजेड आतील यंत्र मोठा करून मांडते. जत्रेत लाउडस्पीकरचा आवाज वाढविला म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर खरखरही वाढते ना, त्याप्रमाणे आयएसओ वाढविला म्हणजे चित्रात रवाळ ठिपके येतात. पानावरील बारीक डाग पाहावयाचे असता हे ठिपके भारी घात करितात. म्हणून आयएसओ जितका कमी ठेवता येईल तितका ठेवावा.

ह्या दोहोंचे नाते व्यस्त त्रैराशिकाचे आहे. ज्यांनी मराठी शाळेत ते गिरविले त्यांस निराळे शिकवावयास नको. वेळ निम्मी केली तर आयएसओ दुप्पट करावा, म्हणजे चित्राचा उजेड तोच राहतो. उदाहरण घेऊ. माडाखालच्या दाट पानवेलीच्या वाडीत आयएसओ १०० व शटर १/३० ठेवल्यास उजेड ठीक येतो असे समजा. परंतु वाऱ्यावर वेलीचे पान सेकंदाच्या तिसाव्या भागातही हलते, व आपला हातही हलतो. पान स्थिर यावयास १/२५० तरी हवे. वेळ सुमारे आठपटीने कमी झाली. तेव्हा आयएसओ आठपट, म्हणजे ८०० करावा. चित्र थोडे रवाळ येईल, पण पान एकच दिसेल. रवाळ परंतु स्थिर चित्रावरून तज्ञ काहीतरी सांगू शकतो. हललेल्या चित्रावरून ब्रह्मदेवही सांगणार नाही.

मजला अनुभवाने जे आकडे उपयोगी पडले ते देतो, मात्र मोबाइल व आभाळ यांप्रमाणे त्यांत फरक होईल हे ध्यानात ठेवावे. भर उन्हात आयएसओ ५० व शटर १/२००० ते १/४०००. साध्या ढगाळ दिवशी आयएसओ १०० व शटर १/१०००. श्रावणातील काळ्या ढगांखाली आयएसओ १०० व १/२५० ते १/५००. दाट वाडीत वर सांगितल्याप्रमाणे. हातात मोबाइल धरून १/६० च्या खाली जाऊ नये. जावेच लागले तर मोबाइल माडाच्या बुंध्यास किंवा कुंपणाच्या खांबास टेकवावा आणि बटण बोटाने न दाबता तीन सेकंदांचा टायमर लावावा.

एक गोष्ट मात्र विसरू नये. चित्रात जो भाग अगदी पांढरा होऊन गेला, त्यातील तपशील कायमचा गेला. काळोखातील थोडाफार मागाहून वर काढता येतो, पांढऱ्यातील नाही. म्हणून उन्हात पान चमकत असेल तर उजेड किंचित कमीच ठेवावा. त्यासाठी प्रोमध्ये न जाताही अधिक-उणे असे चिन्ह असलेली सोय असते. तिला इव्ही म्हणतात. मोगरा, पांढऱ्या लोंब्या, फोडलेले खोबरे असे पांढरे पदार्थ असता ती अधिककडे सरकवावी, काळ्या मातीकडे किंवा काळ्या कापडाकडे पाहत असता उणेकडे. प्रथम हे उलटे वाटते. कॅमेऱ्याचा करडा स्वभाव आठवला म्हणजे पटते.

आता फोकस. माझ्या दुसऱ्या चित्रातील घोटाळा हा की, मी पानाच्या फार जवळ गेलो. मोबाइलचे मुख्य भिंग सुमारे वीतभराच्या अर्ध्याहून जवळची वस्तू स्पष्ट पाहू शकत नाही. मग ते निराश होऊन मागचा बांध पाहते. जितके जवळ जावे तितके बरे, हा आपला ग्रह चुकीचा आहे. एक वीत दूर राहावे, चित्र स्पष्ट घ्यावे, नंतर हवा तेवढा भाग कापून मोठा करावा. काही मोबाइलांत 'मॅक्रो' नावाचे निराळे भिंग असते. स्वस्त मोबाइलांत ते नावापुरतेच असते, त्याच्या नादी लागू नये. बोटांनी चिमटीत धरून झूम केले तरी नवे काही दिसत नाही, आहे तेच ताणले जाते. आणि दुकानदाराच्या ५० मेगापिक्सेलांविषयी: पुष्कळ मोबाइल चार ठिपके मिळून एक करितात व आपल्या हाती साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतात. त्यात वाईट काही नाही, पण आकडा ऐकून खिसा उघडणाऱ्यांस हे ठाऊक असावे.

प्रोमधील फोकसच्या पट्टीवर बहुधा एका टोकास फूल व दुसऱ्या टोकास डोंगर दाखविलेला असतो. फूल म्हणजे जवळ, डोंगर म्हणजे दूर. पट्टी फुलाच्या बाजूस नेऊन तेथेच सोडावी आणि मग मोबाइलच हळूहळू मागेपुढे करावा. डागाची कडा ज्या क्षणी कोरल्यासारखी दिसेल त्या क्षणी बटण दाबावे. वाऱ्यात पट्टी हलवीत बसण्यापेक्षा हे सोपे पडते. दुसऱ्या कोणी पान तळहातावर ताणून धरले तर फारच उत्तम. एकटे असल्यास पान तोडून पाटीवर ठेवावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे डाग किती मोठा हे पाहणाऱ्यास कळते.

आणि भिंग पुसावे! हे वाक्य सर्वांआधी यावयास हवे होते. आमच्या बाजूस समुद्राची खारी हवा. मोबाइल सदरेच्या खिशात, त्यावर घाम, तेल, पानसुपारीचा हात. भिंगावर जो चिकट पापुद्रा बसतो त्याने धुके पडल्यासारखे चित्र येते. जुन्या मऊ धोतराचा स्वच्छ तुकडा याकामी चांगला.

रंगाच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहितो, कारण शेतकऱ्याचे सर्वांत अधिक नुकसान येथे होते असे माझे मत झाले आहे. दिव्याचा उजेड पिवळट असतो, सावलीतील उजेड निळसर असतो, दाट वाडीत पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. आपला डोळा हे सांभाळून घेतो व पांढऱ्यास पांढरेच म्हणतो. कॅमेऱ्यास ते हिशेबाने करावे लागते. ह्या हिशेबास व्हाइट बॅलन्स म्हणतात. तो आपोआप करावयास ठेवला म्हणजे चौकटीत सगळे हिरवे पाहून कॅमेरा गोंधळतो व हिरवा कमी करू जातो. मग निरोगी भातही पिवळे दिसते, किंवा पिवळे पडलेले भात हिरवे दिसते. आता विचार करा, नत्राची उणीव जुन्या, खालच्या पानांच्या पिवळेपणावरून ओळखतात व लोहाची उणीव नव्या, वरच्या पानांच्या पिवळेपणावरून. रंगच खोटा आला तर तज्ञाने काय पाहावे? भाताच्या पानाचा रंग तक्त्याशी ताडून युरिया किती द्यावा हे ठरविण्याची पद्धत आहे. तीतही हिरव्याच्या दोन छटांतील फरकावरच सर्व हिशेब असतो.

उपाय दोन आहेत. प्रोमध्ये व्हाइट बॅलन्सचा आकडा स्वतः ठेवावा: उन्हात ५५००, ढगाळ असता ६५००, गर्द सावलीत ७५०० पर्यंत, पिवळ्या दिव्याखाली ३००० च्या आसपास. आकडा वाढविला की चित्र अधिक तांबूस होते, कमी केला की निळसर होते. दुसरा उपाय याहूनही साधा व अधिक खात्रीचा: चित्रात पानाशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. कागद पिवळा दिसला तर पाहणाऱ्यास कळते की उजेडच पिवळा होता, व तो तेवढे वजा करून पान पाहतो. मी खिशात पोस्टकार्डाएवढा कोरा कागद बाळगतो. शक्य तो रात्री दिव्याखाली रोगाचे चित्र घेऊच नये. सकाळी आठ ते दहा, ऊन असल्यास स्वतःच्या सावलीत पान धरून, ही वेळ मला उत्तम वाटली.

चित्र कशाचे घ्यावे, हे ठरविण्यास मात्र यंत्राचे नव्हे तर शेतीचे ज्ञान लागते. भाताच्या पांढऱ्या लोंब्या, ज्यांस पळींज म्हणतात, त्या खोडकिडीने होतात, तशाच मानेवरील करप्यानेही होतात. नुसत्या पांढऱ्या लोंबीचे चित्र कितीही सुबक घेतले तरी त्यावरून कारण कळणार नाही. लोंबीच्या मानेपाशी काळसर तपकिरी पेर आहे का हे दाखविणारे एक चित्र, व लोंबी ओढली असता सहज निघून येते का आणि खोड आत पोखरले आहे का, हे खोड उभे चिरून दाखविणारे दुसरे, अशी दोन हवीत. सामान्यतः एक चित्र संपूर्ण खाचराचे, एक रोपाचे, एक पानाच्या वरच्या अंगाचे, एक खालच्या अंगाचे. आणि शेजारी एक निरोगी पान. कोसबाड टेकडीवरील कृषि विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी प्रत्यक्ष रोप घेऊन जाणे केव्हाही श्रेयस्कर, पण खाचरातून उठून डहाणू तालुक्यात जाणे दररोज घडत नाही.

नुकसानीचे चित्र याहून निराळे. सरकारी मदतीसाठी नुकसानीची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, ती २०१५ साली ३३ टक्के झाली. म्हणजे पाहणाऱ्यास प्रमाण दिसले पाहिजे. एका पडलेल्या केळीचे जवळून घेतलेले चित्र हृदयद्रावक असेल, पण त्यावरून टक्केवारी निघत नाही. बांधावर किंवा गाडीवर चढून, आभाळ चौकटीबाहेर ठेवून, पडलेल्या व उभ्या ओळी एकत्र मोजता येतील असे घ्यावे. बांध, विहीर, घर अशी ओळखीची खूण एका कोपऱ्यात असावी. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून मुदतीविषयी येथे लिहीत नाही. चित्र मात्र ज्या दिवशी नुकसान झाले त्याच दिवशी घ्यावे. मोबाइलमधील स्थळाची नोंद, म्हणजे लोकेशन, चालू ठेवावी. एक खोच मला उशिरा कळली: व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे चित्र पाठविले म्हणजे ते आक्रसून जाते व आत लिहिलेली स्थळाची नोंदही गळते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर जसेच्या तसे जाते. मूळ चित्र मोबाइलमधून पुसू नये, हे दप्तर सांभाळणाऱ्याने वेगळे काय सांगावे.

येथे कोणी विचारील की, ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये प्रो कोठे आहे? नाही. सरकारी ॲप आपलाच कॅमेरा उघडते व तेथे हे आकडे हाती येत नाहीत. तरीही ज्याने प्रोमध्ये चार दिवस हात बसविला आहे त्याचे ॲपमधील चित्रही सुधारते. कारण सूर्य पाठीशी घ्यावा, आभाळ कमी घ्यावे, वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत दम धरावा, पिकावर बोट टेकवून फोकस बसू द्यावा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

हाताने सर्व ठरवून चित्र घेणे ही काही नवी विद्या नव्हे, आपोआप घेणे हीच नवी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून, ती ओली असतानाच, उजेडाचा अंदाज स्वतः घेऊन चित्र काढावे लागे. शेतकऱ्यास त्याहून जवळचे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आला. त्याच्या आधी फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून, कॅमेरा एके ठिकाणी रोवून, महिन्याहून अधिक काळ दररोज त्याचे एकेक चित्र घेतले. ती चित्रे ओळीने दाखविताच अंकुर फुटून वेल चढताना दिसला. हिंदी चित्रपटसृष्टीच्या जनकाने भांडवल मिळविण्यासाठी आरंभी दाखविले ते एका पिकाचे छायाचित्रण, ही गोष्ट आपल्या मासिकात नमूद करण्याजोगी आहे.

त्यावरून मी एक प्रयोग चालविला आहे. वाडीच्या कोपऱ्यातील एका खांबावर खिळा ठोकून खूण केली आहे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता तेथे मोबाइल टेकवून, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ५५००, फोकस डोंगराच्या बाजूस, असे ठरलेल्या आकड्यांनी एक चित्र घेतो. उजेडाप्रमाणे शटर तेवढे बदलितो आणि ते वहीत टिपून ठेवितो. आकडे तेच असल्यामुळे एका रविवारचा हिरवा दुसऱ्या रविवारच्या हिरव्याशी ताडून पाहता येतो. ढगाळ व उन्हाचे रविवार मात्र निरनिराळे लावावे लागतात. आपोआप घेतलेल्या चित्रांत प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची लहर निराळी, त्यामुळे ताडून पाहण्यात अर्थ राहत नाही. पानवेलीचा एक वाफा फिकट होऊ लागल्याचे मला यंदा डोळ्यांनी कळण्याआधी ह्या चित्रांवरून कळले.

आता आरंभीच्या भाताचे काय झाले ते सांगतो. पाचव्या दिवशी भाच्यास सोबत घेऊन सकाळी आठ वाजता खाचरात उतरलो. आयएसओ १००, शटर १/५००, व्हाइट बॅलन्स ६५००. त्याने पान धरले, मी एक वीत अंतरावरून फोकस बसविला, शेजारी कागद व पट्टी. डागाची नागमोडी कडा टोकापासून खाली पानाच्या कडेकडेने उतरलेली स्वच्छ दिसत होती. करप्याचा डोळ्याच्या आकाराचा, मध्ये राखी असा डाग कोठेच नव्हता. चित्रे डॉक्युमेंट म्हणून पाठविली. अर्ध्या तासात तज्ञांचे उत्तर आले की, बहुधा कडाकरपा. खात्रीसाठी रोगट पान कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात कापलेले टोक बुडवावे व पाच-दहा मिनिटांनी पेल्याचे चित्र पाठवावे.

हे चित्र सर्वांत अवघड होते. काचेपुढे कॅमेऱ्याचा फोकस वेड्यासारखा मागेपुढे धावतो. मी पेल्यामागे काळी छत्री उघडून ठेविली, फोकसची पट्टी हाताने फुलाकडे नेऊन पानाच्या टोकावर थांबविली, आणि काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा सर्व राखी करू पाहील म्हणून इव्ही एकाने उणे केली. कापलेल्या टोकातून दुधाळ धागा पाण्यात उतरत होता. डोळ्यांस तो जेमतेम दिसत होता. चित्रात तो धुरासारखा स्पष्ट उमटला. तो जिवाणूंचा स्राव होय. उत्तर आले: कडाकरपाच, युरिया देऊ नये, खाचरातील पाणी काढून टाकावे, रोगट खाचरातील पाणी निरोगी खाचरात जाऊ देऊ नये.

त्याच दुपारी बांध फोडून पाण्यास निराळी वाट करून दिली. रोग पाच खाचरांवर थांबला. त्या पाचांचे भात निम्म्याने उतरले, बाकीच्यांचे नेहमीसारखे आले. युरियाची ४५ किलोची गोणी शिवण न उकलता पडवीत राहिली, ती ह्या वर्षी वापरली.